मानाचा चौथरा

शेतमजुरांचा सन्मान करायचा तर समोर शेतमजूर हवेत, ही गोष्ट नगराध्यक्षांच्या लक्षात आली ती थेट सभेच्या दिवशी सकाळी. लगेच ट्रक सुटला. कोबीच्या शेतात टोळी नुकती कुठे वाकली होती; ट्रकवाल्यानं तिला तशीच सरळ केली आणि नगरपालिकेत आणून प्रेक्षक सज्जात बसवली. दारावरच्या शिपायानं सगळ्यांच्या कोबी कापायच्या सुऱ्या काढून घेतल्या आणि बदल्यात छातीला लावायला एकेक बिल्ला दिला. बिल्ल्यावर ‘मानकरी’ असं छापलं होतं. सुरी गेल्यामुळे धाकटीला कमरेशी रितं रितं वाटत होतं, आणि बिल्ल्यानं ते काही भरून निघत नव्हतं.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. आता तिची स्वतःची मुलगी आठवीत होती, केसांतून पांढरं डोकावायला लागलं होतं, पण टोळीत एकदा पडलेलं नाव मजुरीसारखं असतं, सहजी बदलत नाही. शेजारी सासू बसली होती. पुढच्या रांगेत थोरला दीर, म्हणजे टोळीचा मुकादम, पायावर पाय टाकून असा बसला होता, जणू सन्मान त्याच्या एकट्याच्याच घरी जाणार. नवरा मागे भिंतीला टेकून डुलक्या घेत होता. तो फार बोलणाऱ्यातला नव्हता आणि या गोष्टीतही तो बोलणार नाही.

धाकटीला सन्मानाशी काही देणंघेणं नव्हतं. सन्मानाचा विषय आठवा होता. तिचे कान लागले होते सातव्याकडे. सातवा विषय होता परवडणाऱ्या घरांसाठी निधी. टोळी राहायची शेतमालकाच्या पॅकिंग शेडमागे, पत्र्याच्या आडोशांत, आणि मालकानं सांगून ठेवलं होतं की हा हंगाम संपला की शेड पाडून तिथं शीतगृह उभं करणार. कोबीला थंडावा हवा म्हटल्यावर कोण काय बोलणार? म्हणजे टोळी पुन्हा उठणार, दुसऱ्या गावी दुसऱ्याच्या शेतावर जाणार आणि पोरीची शाळा पुन्हा सुटणार. आजवर इतक्या शाळा झाल्या होत्या की पोरीला वर्तुळाचा परीघ तीन वेगवेगळ्या मास्तरांनी शिकवला होता आणि क्षेत्रफळ एकानंही नाही. धाकटीचं मागणं एवढंच होतं: पोरीची शाळा होईपर्यंत एका जागी राहायला मिळावं.

सातवा विषय पुकारला गेला आणि सगळं सभागृह त्याच्या बाजूनं बोलायला उठलं. नगराध्यक्ष बोलले, विरोधी पक्षनेते त्यांच्यापेक्षा जास्त बोलले. घर ही कशी गरज आहे, डोक्यावर छप्पर कसं लागतं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. विरोधात एक माणूस बोलला नाही, आणि तिथंच घोडं अडलं. विरोध असता तर मतदान घ्यावं लागलं असतं. सगळेच बाजूनं म्हटल्यावर घाई कसली? विषय पुढे ढकलला गेला.

“काय झालं गं?” सासूनं विचारलं. ती एका कानानं कमी ऐकायची, पण नेमकं कुठल्या, ते तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

“पुढे ढकललं, आई.”

“किती पुढे?”

“पुढच्या वर्षावर.”

“मग नाही म्हणाले असं सांग की.”

“नाही कुणीच म्हणालं नाही.”

“तेच ते. मला माहेरी पाठवायला तुझ्या सासऱ्यांनीसुद्धा कधी नाही म्हटलं नाही.”

मग आठवा विषय आला: शेतमजुरांच्या सन्मानार्थ मुख्य चौकात पुतळा. पुतळ्याचा आकडा मूर्तिकाराकडून आधीच घेतलेला, ठरावात छापलेला, त्यात काही हलण्यासारखं नव्हतं. चौथऱ्यापुढे मात्र छापलं होतं, ‘आवश्यकतेनुसार’. या एका शब्दानं पुढचं सगळं रामायण घडवलं.

नगराध्यक्ष म्हणाले, चौथरा पाच फूट.

“पाच?” विरोधी पक्षनेते उठले. “समोर कारंजं बांधून देणाऱ्या शेटजींचा पुतळा आठ फुटांवर आहे. अन्न पिकवणारा माणूस कारंजेवाल्याच्या खाली उभा राहणार?”

नगराध्यक्षांनी दहा केले. ‘दहाच का?’ असं मागून कुणीतरी विचारलं आणि विचारणाऱ्याला पंधरा म्हणावंच लागलं. मग ज्याच्या वॉर्डात मंडई होती त्यानं वीस केले, आणि ज्याच्या वॉर्डात मंडई नव्हती त्यानं, आपलं शेतमजुरांशी वाकडं आहे असं दिसू नये म्हणून, पंचवीस. तीसवर आल्यावर कोपऱ्यातले एक अपक्ष नगरसेवक जागे झाले. चालू बोली त्यांना माहीत नव्हती. ते मोठ्या मनानं म्हणाले, “माझ्या मते बारा फूट हवा.” सभागृहात असा गलका झाला की बिचाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शेतमजुरांचा अपमान मागे घ्या, अशी मागणी झाली. त्यांनी घाम पुसला आणि प्रायश्चित्त म्हणून चाळीस म्हणाले.

चाळीसच्या वर जायला शब्द कुणाकडेच उरला नव्हता. बाकं वाजली. ठराव एकमतानं मंजूर.

“चाळीस फुटांवर चढणार कोण?” सासूनं विचारलं.

“पुतळा, आई.”

“गुडघे बरे असतील त्याचे.”

आता हा चौथरा बांधायचा होता नगर अभियंत्याला. बारीक माणूस, खिशात आम्लपित्ताच्या गोळ्या आणि कपाटात नकाशे. चाळीस फूट भरीव दगड चौकात उभा केला तर खालचं गटार बसणार, म्हणून त्यानं चौथरा पोकळ धरला. एवढ्या उंच पोकळ भिंती पोटातून फुगणार, म्हणून दर दहा फुटांवर स्लॅब टाकला. पुतळ्याची साफसफाई करायला वर जावं लागणार, म्हणून जिना. जिन्यात अंधार, म्हणून खिडक्या. साफसफाईला पाणी, म्हणून प्रत्येक मजल्यावर नळ. साफसफाई करणारा माणूस दिवसभर तिथं असणार, आणि माणूस म्हटला की त्याच्या गरजा असतात, म्हणून संडास. एकही पायरी चुकीची नव्हती. फक्त एक गोष्ट होती. दर वर्षी सातव्या विषयासाठी हाच अभियंता परवडणाऱ्या घरांचा नकाशा काढायचा आणि दर वर्षी तो नकाशा कपाटात परत जायचा. हाताला तेच वळण पडलेलं. परांच्या काढल्या त्या दिवशी तो रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांपुढे तळमजला आणि वर तीन मजले अशी, हवेशीर, उजेडाची इमारत आली. त्यानं एक गोळी तोंडात टाकली. मग विचार करून दुसरी.

त्याच दिवशी टोळीला फोटोसाठी आणलं होतं. फोटो निघेपर्यंत धाकटी सहज म्हणून आत शिरली, आणि जिन्यात तिची अभियंत्याशी गाठ पडली.

“साहेब, हे घर आहे.”

“चौथरा आहे.”

“नळ आहेत की.”

“पुतळा धुवायला.”

“पुतळा गच्चीवर. नळ तर खालपासून.”

“पाणी एकदम एवढं चढत नाही बाई. मधेमधे सोय लागते.”

“आणि ही कडी? आतून लागते ही.”

अभियंत्यानं इकडेतिकडे पाहिलं. “घर म्हणू नका,” तो हळूच म्हणाला. “घराला पैसे नाहीत. घर म्हटलंत तर उद्या पाडतील. चौथरा म्हणा.”

धाकटीनं एका खिडकीतून खाली बघितलं. कोपऱ्यावर शाळा दिसत होती. “साफसफाईला माणूस कुठाय?”

“नेमायचाय.”

“एकानं भागेल?”

“मजल्याला दोन...” अभियंता थांबला, “दोन कर्मचारी. सहकुटुंब.”

“पगार?”

“तरतूद नाही.”

“पगार आम्हाला शेतावर मिळतो,” धाकटी म्हणाली. “दिवसा तिकडं जाऊ, रात्री चौथरा सांभाळू.”

फुकट राखण मिळते म्हटल्यावर नगरपालिकेनं हरकत घ्यायचं कारण नव्हतं. शेड पडायच्या आत हुकूम निघाला. त्यात घर, खोली, भाडेकरू असला एकही शब्द येणार नाही याची अभियंत्यानं डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती. धाकटीच्या वाट्याला आली ‘तिसऱ्या स्तरावरील पोकळी क्रमांक सात’. शाळेत पत्ता म्हणून पोरीनं तोच लिहिला. बाईंनी तिला जवळ बोलावून, घरी सगळं ठीक आहे ना, असं प्रेमानं विचारलं.

पोकळ्यांची वाटणी मुकादमानं केली. तळमजल्याच्या दोन्ही पोकळ्या त्यानं स्वतःकडे घेतल्या. एकीत संसार, दुसरीत टोळीचं ऑफिस. ऑफिसात एक खुर्ची होती आणि तिच्यावर तो बसायचा.

“भावजी, आईंचे गुडघे,” धाकटीनं आठवण केली. “त्यांना तळाला ठेवा.”

“आईला वरच राहू दे,” मुकादम म्हणाला. “वर हवा चांगली आहे.”

तेव्हापासून सासू जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायची आणि थोरल्या मुलाबद्दल एकेक वाक्य बोलायची. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याचं लहानपणापासूनचं सगळं चरित्र पूर्ण व्हायचं. वर पोचली की मात्र ती खिडकीत बसून चौकातली माणसं बघायची आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते नुसत्या चालीवरून सांगायची. जमेच्या बाजूला तेवढं होतं.

पुतळा आला, आणि मग पंचाईत झाली. मूर्तिकाराला पाच फुटी चौथरा सांगितला होता. त्यानं त्याला शोभेल असा, कमरेएवढा, पाठीवर टोपली घेतलेला शेतमजूर घडवला होता. तो गच्चीवर बसवला आणि कठड्याआड नाहीसा झाला. अनावरणाला नगराध्यक्षांनी दोरी ओढली. वर कुठेतरी कापड पडलं असावं. जमलेल्या लोकांनी माना वर केल्या, त्यांना पाण्याची टाकी दिसली, आणि त्यांनी टाकीला मनापासून टाळ्या वाजवल्या.

टोळीचे दिवस मात्र बरे चालले होते. पहाटे चौकातून ट्रक निघायचा, संध्याकाळी आणून सोडायचा. पोरीचं क्षेत्रफळ झालं. त्याच्या पुढचं घनफळ सुरू झालं, जे टोळीत कुणी ऐकलंही नव्हतं. सासू गच्चीवर कपडे वाळत घालायची आणि दोरीचं एक टोक टाकीला, दुसरं पुतळ्याच्या टोपलीला बांधायची. “उभाच आहे ना तो,” ती म्हणायची. “पाठीवर काहीतरी आहेच त्याच्या, त्यात आणखी एक धुणं.”

हेच धुणं अंगाशी आलं. वर्तमानपत्रात एका जागरूक नागरिकाचं पत्र छापून आलं की शेतमजूर स्मारकात शेतमजूर कुठेच दिसत नाही, त्याचे लेंगे तेवढे दिसतात. विरोधी पक्षनेत्यांनी पत्राचं कात्रण खिशात घातलं आणि पुढच्या सभेला विषय टाकला: पुतळा जनतेच्या नजरेत यावा म्हणून चौथरा निम्मा करावा.

निम्मा म्हणजे वरचे दोन मजले जाणार. धाकटी ऑफिसात गेली. मुकादम खुर्चीवर होता.

“भावजी, तुम्ही बोला सभेत. तुमचं ऐकतील.”

“बोलून काय होणार? वरचं जाईल, खालचं तरी राहतंय. तू जाऊन बोंब मारलीस तर खालचंही काढून घेतील.”

“आम्ही कुठे जाणार?”

“पुढच्या हंगामाला दुसरं शेत बघू. आजवर नाही का गेलो?”

“पोरीची शाळा?”

“माझी पोरं नाही शिकली, काय अडलं त्यांचं?”

जिन्यात उभ्या असलेल्या सासूनं हे ऐकलं. म्हणजे ऐकणारा कान कुठला ते त्या दिवशी कळलं. “अडलं कसं नाही,” ती म्हणाली, “तुझ्यासारखी निपजली.” आणि सुनेला म्हणाली, “तू जा गं. बिल्ला लावून जा.”

मानकऱ्याला सभेत तीन मिनिटं बोलता येतं, अशी तरतूद होती. आजवर कुणी ती वापरली नसल्यामुळे कुणी रद्द केली नव्हती. धाकटी ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं ठरवून आणलं होतं, पण समोर एवढे पुरुष एकदम गप्प बसलेले तिनं कधी बघितले नव्हते, त्यानंच ती बावचळली, आणि मनात जे खरोखर घोळत होतं तेच तोंडून आलं.

“तुम्ही आमचा चाळीस फुटांचा मान केलात,” ती म्हणाली. “मी शेतावर सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या टोळ्यांनाही सांगितलं. आता तो वीसचा झाला, हे पण मलाच सांगावं लागणार. लोक विचारतील, कुणी कमी केला? तर नाव कुणाचं सांगू? नाव तेवढं नीट सांगा. चुकून भलत्याच माणसाचं घेतलं जायला नको.”

ती खाली बसली. पत्रकारांच्या बाकावर दोन पेनांची टोपणं निघाली, तो आवाज सभागृहभर ऐकू आला.

विरोधी पक्षनेते अर्धवट उठले. “कमी कोण करतंय? मी कमी म्हटलेलं नाही.”

“विषयपत्रिकेत ‘निम्मा’ आहे,” नगराध्यक्ष म्हणाले. त्यांना मजा येत होती.

“ती... ती लिहिण्याची पद्धत झाली. भावना अशी आहे की शेतमजूर लोकांच्या जवळ यावा.”

“मग सत्ताधारी पक्षाचा त्याला विरोध आहे असं लिहून घ्या. आम्ही एक इंचही खाली येऊ देणार नाही.”

“म्हणजे शेतमजूर दिसू नये अशी तुमची इच्छा आहे?”

आता नगराध्यक्षांची पाचावर धारण बसली. मान कमी करायचा नाही आणि पुतळा तर दिसला पाहिजे. धाकटी बिल्ल्याची टाचणी चाचपत बसली होती. कमी होत नाही हे तिला कळलं होतं, पण ठरतही काही नव्हतं. अशा वेळी कोपऱ्यातले अपक्ष नगरसेवक जागे झाले. या खेपेला तोंड उघडण्याआधी त्यांनी शेजाऱ्याला काय चाललंय ते विचारून घेतलं.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “शेतमजूर खाली आणायचा नसेल तर माणसं वर घ्या.”

“म्हणजे?”

“भराव घाला चौकात. दहा फूट चौक वर घ्या. चौथरा जागच्या जागी, मान जेवढ्यास तेवढा, आणि लोक जवळ.”

यात कुणाचाही अपमान होत नाही ना, हे जो तो मनात तपासत होता. होत नव्हता. चौक समपातळी करण्याच्या नावाखाली पैसेही पडून होते. बाकं वाजली, एकमत झालं.

धाकटी आनंदानं चौकात आली, आणि तळमजल्याच्या दारात पोचल्यावर तिला दहा फुटांचा अर्थ लागला. मुकादम दारातच उभा होता.

“काय ठरलं?”

“उंचीला हात लावला नाही, भावजी.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं? उगाच घाबरतेस.”

“जमिनीला लावलाय,” धाकटी म्हणाली आणि तिनं त्याला खुर्चीवर बसायला लावलं.

भरावाला माती लागते. ठेकेदारानं हिशेब केला, जवळात जवळ माती कुठे. शेतमालकानंही हिशेब केला: कोबीचा एक ट्रक आणि मातीचा एक ट्रक, यांत मातीचा महाग जातो, आणि मातीला कीड लागत नाही. टोळी एके दिवशी सकाळी शेतावर गेली तेव्हा यंत्र शेत उचलत होतं. नुकती लावलेली रोपं, वाफे, ठिबकचे तुकडे, सगळं एका घासात. शेत ट्रकमध्ये बसून शहराकडे निघालं, आणि शेत उचलून नेलेल्या जागी पिवळा मुरूम उघडा पडला.

“उद्यापासून येऊ नका,” मालक म्हणाला. त्याचा चेहरा लग्नातल्या वरबापासारखा प्रसन्न होता.

धाकटीनं मिळवलं होतं ते सगळं एका सकाळी उलटं झालं. पोकळी राहिली आणि काम गेलं. पोकळीला भाडं नव्हतं हे खरं, पण तोंडाला रोजचं भाडं लागतंच. मुकादमानं दुसरीकडचा हंगाम शोधला. बटाट्याचं शेत, दिवसभराच्या वाटेवर. सोमवारी ट्रक निघणार. तोवर चौकात माती चढत चढत पहिल्या मजल्याच्या खिडकीशी आली. मुकादम आणि त्याची बायको, थोरली, गाद्या डोक्यावर घेऊन जिना चढले. पहिल्या मजल्यावर कुणी दार उघडलं नाही, दुसऱ्यावर उघडून लावलं. तिसऱ्या मजल्यावर सासू दारात बसली होती.

मुकादम धापा टाकत उभा राहिला. “आई, चार दिवस...”

“ये,” सासू म्हणाली. “हवा चांगली आहे.”

एका पोकळीत दोन संसार झाले. थोरलीनं भांडी मांडायला अर्धी फळी मागितली आणि पाऊण घेतली. धाकटीनं आपली भांडी बोचक्यात भरली. सोमवारी तीही ट्रकमध्ये चढणार होती. पोरीचा दाखला काढायला शाळेत जायचं बाकी होतं, आणि पोरीला अजून सांगितलं नव्हतं.

पण भरावावर फरशी बसायची होती, आणि फरशीचा विषय सगळ्यांनाच मान्य असल्यामुळे पुढे ढकलला गेला. उघड्या मातीनं टाकीच्या गळतीचं पाणी प्यायलं. आडवी पडलेली रोपं हळूहळू मान वर करायला लागली. चार-पाच दिवसांत चौकात, कारंज्यापासून चौथऱ्यापर्यंत, वेडीवाकडी कोबी उभी राहिली. ऑफिसला जाणारे लोक पाय उचलून चालू लागले. कुणीतरी सायकलीखाली दोन रोपं चिरडली आणि सासूनं खिडकीतून त्याला असं काही ऐकवलं की तो सायकल हातात धरून गेला.

शनिवारी शेतमालक चौकात आला. त्यानं कोबी बघितली आणि त्याचा जीव कासावीस झाला. तो तडक अभियंत्याकडे गेला. मी माती विकली, रोपं विकली नाहीत, असं त्याचं म्हणणं. अभियंता म्हणाला, उपटून न्या. मालक म्हणाला, एकदा हलवलेलं रोप पुन्हा हलवलं तर मरतं. तयार झाल्यावर नेईन. स्मारकाभोवती हिरवळ असावी असा एक जुना ठराव होता, निधीअभावी पडलेला. अभियंत्यानं गोळी चघळत चघळत तो शोधून काढला, आणि कोबी हिरवळीत धरली.

आता कोबी म्हटली की तिला भर लावायला, तण काढायला, कापायला माणसं लागतात. मालक चौथऱ्याचा जिना चढून वर आला. तिसऱ्या मजल्यापर्यंत येईस्तोवर त्याचा प्रसन्न चेहरा घामानं वाहून गेला होता.

“मुकादम, टोळी पाहिजे.”

“टोळी सोमवारी बटाट्याला जाणार,” मुकादम गादीवरून म्हणाला. “आगाऊ पैसे घेतलेत मी.”

“परत कर. कोबी उभी आहे माझी.”

“शब्द गेलाय, मालक.”

मालकानं धाकटीकडे बघितलं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कामाला बोलवायला तिच्या दारात आलं होतं, आणि दारात चपला काढून आलं होतं.

“भावजींचा शब्द गेलाय, भावजी जातील,” ती म्हणाली. “मी नाही चढत ट्रकमध्ये.”

“टोळीशिवाय राहणार?” मुकादम उठून बसला. “एकटी?”

“शेत आलंय की इथपर्यंत. त्याला सोडून कुठे जाऊ?”

“हे शेत नाही, चौक आहे.”

“मालकांना विचारा, कोबी असते तिथं शेत की नाही.”

मालकाला ते पटलं. त्याला त्या क्षणी काहीही पटलं असतं. मागून नवऱ्यानं ट्रकसाठी बांधलेलं बोचकं सोडायला घेतलं. मुकादमानं भावाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

सोमवारी पहाटे ट्रक चौकाच्या कडेला, भराव संपतो तिथं उभा राहिला. टोळीतले निम्मे चढले, निम्मे चौथऱ्याच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत, जिचं आता दार झालं होतं, चहा पीत उभे राहिले. मुकादम चढला, उतरला, आगाऊ घेतलेल्या पैशांची त्याला आठवण झाली, पुन्हा चढला. ट्रक गेला.

उजाडल्यावर मालक कोबीच्या मधोमध घड्याळ बघत उभा होता. त्याच्या डोक्यावर, बरंच उंच, कठड्यावरून एका टोपलीचा काठ दिसत होता. दहा फूट माती घालून नगरपालिकेला तेवढाच दिसला होता. धाकटी सुरी कमरेला खोचून खिडकीतून बाहेर आली. मागून पोरगी, पाठीवर दप्तर. आजवर पहाटेच्या ट्रकपायी पोरीला शाळेत सोडायला ती कधी गेली नव्हती. पोरगी एकटी जायची, एकटी यायची.

“चल की लवकर,” मालक म्हणाला. “ऊन चढतंय.”

“आले,” धाकटी म्हणाली. “हिला शाळेच्या दारापर्यंत सोडते आणि येते.”

आणि ती रोपं चुकवत, पोरीचा हात धरून, कोपऱ्याकडे निघाली. आठवीतल्या पोरीला हात धरलेला नको होता, पण तिनं तो सोडवला नाही. मालक उभा राहिला.